वरून झिरो, आतून हार्वर्ड: सिनेमातल्या जपानी विमानांवर काम करायचं असेल तर

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याचा 'टोरा! टोरा! टोरा!' (1970) हा सिनेमा बघून विमानांच्या नादाला लागलेली मुलं अजूनही भेटतात. "दादा, त्या झिरोंवर काम करायला मिळतं का?" असा प्रश्न त्यांच्याकडून हमखास येतो. झिरो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान. मिळतं. मी इथे टेक्सासमध्ये नोकरी सांभाळून शनिवार-रविवार हेच करतो. पण त्या सिनेमात हवेत दिसणारं एकही विमान जपानी नव्हतं, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. पुढचं सगळं काम त्यावरच अवलंबून आहे.

युद्ध संपल्यावर जपानची बहुतेक विमानं मोडीत निघाली होती. ताफाच्या ताफा उडवायचा तर झिरो आणायची कुठून? अमेरिकी आणि कॅनेडियन ट्रेनर विमानं मात्र स्वस्तात पडून होती. झिरो झाली हार्वर्डपासून. हार्वर्ड म्हणजे नॉर्थ अमेरिकन टी-6 टेक्सन या ट्रेनरचंच भावंड. व्हॅल हे डाइव्ह बॉम्बर झालं व्हल्टी बीटी-13 पासून. केट हे टॉर्पेडो बॉम्बर सगळ्यात अवघड, कारण त्यात तिघे बसायचे आणि ते लांबलचक होतं. म्हणून टी-6 च्या पुढच्या भागाला बीटी-13 चं शेपूट जोडून धड वाढवलं. कॅलिफोर्नियात लाँग बीचला ही कामं झाली. 1968 च्या डिसेंबरात 'यॉर्कटाउन' या अमेरिकी विमानवाहू जहाजालाच जपानी जहाज बनवून त्यावरून ही विमानं उडवली. त्याच महिन्यात त्याच जहाजाने अपोलो 8 च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचललं. काय महिना असेल तो त्या खलाशांचा!

निवड डोकं लावून केलेली होती. हार्वर्डची चाकं झिरोसारखीच आत, पोटाकडे मिटतात. पंखांचा पसारा हार्वर्डचा साधारण 12.8 मीटर, झिरोचा 12. व्हॅलची चाकं मिटतच नव्हती, बीटी-13 चीही मिटत नाहीत. बाकी बदललं ते काउलिंग (इंजिनावरचं आवरण), काचेची कॅनोपी, पंखांची टोकं, स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोपी) आणि रंग. लांबून, चालत्या कॅमेऱ्याला एवढं पुरतं.

जवळून पुरत नाही. हार्वर्डच्या पंखाची पुढची कड तिरकी मागे जाते आणि मागची कड जवळजवळ सरळ राहते. खऱ्या झिरोचा पंख दोन्ही बाजूंनी निमुळता होत जातो. हे एकदा दिसलं की कोणताही युद्धपट शांतपणे बघणं संपलं, घरचे वैतागतात. आवाज तर त्याहून चुगलखोर. हार्वर्डच्या 600 अश्वशक्तीच्या वास्प इंजिनाला प्रोपेलर गिअरशिवाय थेट जोडलेला असतो. उड्डाणाच्या वेळी त्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडतात आणि कान फाडणारा कर्कश खरखराट होतो. वेगातही तफावत आहेच: झिरो ताशी 530 किलोमीटरपर्यंत जायचं, हार्वर्ड 330 च्या आसपास दमतं. 'द फायनल काउंटडाउन' (1980) मध्ये अशाच दोन नकली झिरोंसमोर एफ-14 जेट उडवली, तेव्हा जेटच्या वैमानिकांना हळू उडता उडता घाम फुटला.

आता कामाचं. नवीन माणूस येतो तो झिरो बनवणाऱ्या मित्सुबिशीची माहिती पाठ करून. ती बाजूला ठेवा आणि टी-6 चं मेंटेनन्स मॅन्युअल वाचा. तडा जातो तो हार्वर्डच्या सांध्याला, गळतं ते हार्वर्डचं हायड्रॉलिक. पंख धडाच्या मधल्या भागाला जिथे बोल्टने जोडतात त्या अँगलना (जोडपट्ट्यांना) धातूच्या थकव्याच्या बारीक चिरा पडतात. त्या नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणून ठराविक तासांनी फ्लुरोसंट रंगद्रव्य लावून अतिनील दिव्याखाली तपासायच्या असतात. आमच्याकडे नवख्याला आधी हेच दाखवतात, रंगकाम खूप नंतर.

हायड्रॉलिकचीही एक खोड आहे. चाकांचा किंवा फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा) दांडा नुसता हलवून काही होत नाही. आधी 'पॉवर पुश' दाबावं लागतं, तेव्हाच दाब मिळतो आणि तोही थोडाच वेळ. विमान जॅकवर चढवून चाकं मिटवायची चाचणी करताना हे ठाऊक नसेल, तर चांगलं विमान बिघडलंय म्हणून तास घालवाल.

इंजिन सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवतात, तेव्हा नीट लक्ष द्या. रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं, बंद पडून राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. पातं अडलं तर जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं. जोर लावणारा गडी कनेक्टिंग रॉड वाकवून बसतो, आणि ते कळतं हवेत गेल्यावर.

आणखी एक गोष्ट वजनाची. धड लांबवलं, पोटाखाली खोटा टॉर्पेडो टांगला, धुराची टाकी बसवली की गुरुत्वमध्य सरकतो. अशा विमानाचा वजन-तक्ता मूळ ट्रेनरच्या पुस्तकातून उचलायचा नसतो. ते विमान तराजूवर चढवून मोजायचं. अमेरिकेत अशी बरीच विमानं 'एक्झिबिशन' या प्रायोगिक वर्गात उडतात. कुठे आणि कशासाठी उडायचं याच्या अटी कागदावर असतात, त्याही वाचा. कंटाळवाणं आहे, पण हे वाचणारा माणूस लवकर वर जातो.

परवान्याचं म्हणाल तर एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेचं मेकॅनिक सर्टिफिकेट एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) अशा दोन भागांत मिळतं. वय 18 पूर्ण हवं, इंग्रजी वाचता-लिहिता-बोलता यायला हवं. मान्यताप्राप्त शाळेतून या, नाहीतर कामाचा अनुभव दाखवा: एका भागासाठी 18 महिने, दोन्हींसाठी 30. मग लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. सर्टिफिकेट नसतानाही परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येतं, सही त्याची. प्रत्येक कामाची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवा आणि जमलं तर त्याचीही सही घ्या. भारतात डीजीसीए या नियामक संस्थेचा एएमई (विमान देखभाल अभियंता) परवाना आहे, पण तो अमेरिकेत आपोआप चालत नाही.

पैसे? जवळपास नाहीत. सिनेमातली बरीच विमानं पुढे कॉमेमोरेटिव्ह एअर फोर्स या संस्थेकडे आली आणि 1972 पासून एअर शोमध्ये पर्ल हार्बरचा हल्ला दाखवतात. असल्या संस्था स्वयंसेवकांवर चालतात. पोट भरायला विमान कंपनीची किंवा दुसरी नोकरी हवीच.

भारतात राहून सुरुवात करायची असेल तर पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात जा. तिथे हार्वर्ड आहे, आणि 'ओका' हे जपानी आत्मघातकी रॉकेट-विमानही, तेही खरंखुरं. आपल्या हवाई दलाने हार्वर्ड 1970 च्या दशकापर्यंत प्रशिक्षणाला वापरली. ओळखीत तेव्हाचे कुणी निवृत्त तंत्रज्ञ आजोबा असतील तर वही घेऊन त्यांच्यासमोर बसा. आणि आधी पत्र्याचं काम शिका. रिव्हेट मारणं, बकिंग बार (रिव्हेटच्या मागे टेकवायचा धातूचा ठोकळा) धरणं, सेफ्टी वायर पिळणं, एवढं हाताला बसलेलं असेल तर कुठल्याही हँगरमध्ये पहिल्याच शनिवारी हातात काम मिळतं. येताना कपडे मात्र टाकाऊ घालून या.