दूरच्या वादकांसोबत घरगुती ध्वनिमुद्रण

वेगवेगळ्या घरांत बसून एकच गाणे मुद्रित करायचे असेल, तर लय, पट्टी आणि सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घ्यायची तो दर) आधीच लेखी ठरवून घ्यावेत. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट व २४ बिट (प्रत्येक नोंदीची सूक्ष्मता) बहुतेक कामांना पुरेसे ठरतात, मात्र ४४.१ वर मुद्रित केलेली फाइल ४८ च्या प्रकल्पात रूपांतर न करता वाजवली, तर ती सुमारे दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर) चढी आणि जलद ऐकू येते.

आपले वाद्य गाण्याच्या मध्यावर सुरू होत असले तरी प्रत्येकाने फाइल शून्य सेकंदापासूनच निर्यात करावी, म्हणजे सर्व ट्रॅक एकाखाली एक ठेवताच जुळतात. नमुना ऐकवण्यापुरती एमपीथ्री चालते, पण प्रत्यक्ष देवाणघेवाण वेव्ह (WAV) या आवाज न दाबणाऱ्या फाइल-प्रकारातच करावी, कारण एमपीथ्रीच्या आरंभी काही मिलिसेकंदांची शांतता शिरते आणि तालवाद्याची थाप तेवढ्यानेही मागे पडते.

मुद्रणाच्या वेळी कान पूर्ण झाकणारे, मागून बंद हेडफोन वापरावेत, अन्यथा क्लिकचा (लय दाखवणाऱ्या ठोक्याचा) आवाज माइकमध्ये उतरतो. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावून पाठवू नये. मिश्रण करणाऱ्याला तो नंतर पूर्णपणे काढता येत नाही. गिटारवादकांना हे सहसा पटत नाही, तेव्हा त्यांनी इफेक्टसह एक आणि इफेक्टविना कोरी एक अशा दोन फाइली द्याव्यात. फाइलींना ‘फायनल’ऐवजी आवृत्ती क्रमांक द्यावा.