मामा तलावात मरळ खरोखर परतली का, हे कसे तपासावे

भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलावांतून (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातील तलाव) बेशरम हे माजणारे परके झुडूप उपटून देशी पाणवनस्पती लावल्यानंतर मरळ, शिंगी आणि देशी मांगूर हे स्थानिक मासे वाढले का, हे जाळे जड लागले एवढ्यावरून ठरवू नये. मे महिन्यात पाणी आटून खोलगट भागापुरते उरते आणि होते तेवढेच मासे तिथे दाटतात. आम्हीही एकदा अशा भरलेल्या टोपल्या पाहून आनंदलो होतो. पुढच्या हिवाळ्यात तीच जाळी हलकी निघाली.

म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर, त्याच जागी, त्याच आसाची (छिद्राच्या मापाची) आणि तितक्याच लांबीची जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढावीत, आणि रिकामे निघालेले जाळेही वहीत लिहावे. तलावात मत्स्यबीज टाकून वाढवलेले रोहू, कटला, मृगळ यांची नोंद वेगळी ठेवावी. अंगावर ठिपक्याठिपक्यांची नक्षी असलेला, २००० साली बंदी घातलेला आफ्रिकन मांगूर देशी मांगुरात मोजला गेला, तर सगळा हिशेबच उलटा होतो.

प्रत्येक माशाची लांबी मोजणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नुसत्या मोठ्या मरळी सापडत असतील, तर जुनी पिढी टिकून आहे, एवढेच कळते. लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तिन्ही आकारांच्या मरळी सलग काही वर्षे मिळाल्या, तरच नवी पिल्ले जगून वाढत आहेत असे म्हणता येते.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सकाळी पाळीवरून फिरावे. मरळीची तांबूस-नारिंगी पिल्ले थव्याने हवा घ्यायला वर येतात, तेव्हा तेवढ्याच जागी पाणी उकळल्यासारखे हलते. असे थवे मोजावेत, पण खाली राखण करणाऱ्या नर-मादीला धरू नये; ती गेली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

एकूण संख्येचा अंदाज हवा असल्यास पकडलेल्या मरळींच्या शेपटीच्या पराचा छोटा कोपरा कापून त्यांना सोडावे. समजा ४० मरळींना खूण केली आणि काही दिवसांनी पकडलेल्या ५० मध्ये ८ खुणेच्या निघाल्या, तर ४० गुणिले ५० भागिले ८, म्हणजे सुमारे २५० मरळी तलावात आहेत. मधल्या काळात सांडवा वाहिला असेल, तर हा हिशेब सोडून द्यावा.

निदान तीन पावसाळ्यांच्या नोंदी हव्यात, आणि त्यांत एखादे कमी पावसाचे वर्ष आले, तर त्याच वर्षीच्या पिल्लांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे.