मातृवंदना आणि लेक लाडकीचे पैसे अडकतात कुठे? या चुका टाळा

पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत (३,००० आणि २,०००), दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. ही केंद्राची प्रधानमंत्री मातृवंदना योजना. मुलगी १ एप्रिल २०२३ला किंवा त्यानंतर जन्मली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर राज्याच्या लेक लाडकी योजनेचा ५,००० रुपयांचा पहिला हप्ता वेगळा. पात्र असूनही पैसे अडकतात ते बहुधा कागदांचं एकमेकांशी न पटल्यामुळे.

नावाची भानगड

आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, माता-बाल संरक्षण कार्डावर तिसरंच. नाव बदलायचंच असेल तर आधी आधार, मग बँकेची केवायसी, आणि शेवटी अर्ज. उलट्या क्रमाने गेलात तर बँकेच्या खेपा दुप्पट. बाळंतपण तोंडावर आलं असेल तर बदलूच नका. माहेरच्या नावानेही अर्ज चालतो, आधारवर जे आहे तेच सगळीकडे हवं. नवऱ्याच्या आधारची आता सक्ती नाही.

‘आधार लिंक आहे’ यावर विसंबणं

खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय या बँक-व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे ते खातं नोंदलेलं असणं वेगळं; या नोंदीलाच सीडिंग म्हणतात. पैसे अर्जात लिहिलेल्या नव्हे, सर्वांत शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात. मध्येच कुणाच्या सांगण्यावरून पोस्टात किंवा पेमेंट बँकेत खातं उघडलं असेल तर हप्ता तिकडे गेलेला असतो. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात ते आधी तपासा, बहुतेक कोडं तिथेच सुटतं.

माहेरी बाळंतपण

नोंदणी नाशिकमधल्या सातपूरच्या आरोग्य केंद्रात, बाळंतपण कळवणला, पहिल्या लसी तिथल्याच. ३,००० मिळतात आणि २,००० लटकतात. कारण दुसऱ्या हप्त्याला दोन गोष्टी लागतात: जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या (६, १० आणि १४ आठवडे) लसींच्या नोंदी. जन्म जिथे झाला तिथेच नोंदतो, सासरच्या गावी नाही. मुदत २१ दिवसांची, त्यापुढे विलंब शुल्क. नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका, ते नंतर घालता येतं. माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी बरोबर न्या आणि प्रत्येक लस त्यावरच लिहून घ्या. खासगी डॉक्टर आपल्या पुस्तिकेत लिहितात, त्या नोंदी आशाताई किंवा एएनएमकडून (आरोग्य केंद्राच्या परिचारिकेकडून) कार्डावर उतरवून घ्या. सुरगाणा-पेठहून द्राक्षांच्या कामाला दिंडोरी, पिंपळगावकडे येणाऱ्यांनी तर हे कार्ड रेशनकार्डासारखं जपावं.

‘मुलगी झाली की बघू’

दुसऱ्या खेपेला ही चूक महागात पडते. मातृवंदनेच्या दुसऱ्या अपत्याच्या लाभासाठी गरोदरपणातच नोंदणी झालेली असावी लागते. मुलगा की मुलगी हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं, आणि नसावंच. अर्जाची मुदत जन्मापासून २७० दिवस. पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या मासिक पाळीच्या तारखेपासून ५७० दिवस. ही तारीख कार्डावर चुकली की पुढचा सगळा हिशेब चुकतो, म्हणून पहिल्याच तपासणीत ती वाचून बघा. पहिल्या हप्त्यासाठी पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी नोंदलेली लागते.

एकच उत्पन्नाचा दाखला दोन्हीकडे

मातृवंदनेत उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाखांपेक्षा कमी, पण त्याचा दाखला नसेल तर ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांचं), मनरेगा जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड यांपैकी एक असलं तरी भागतं. अंबडच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या बाईकडे ई-श्रम असेल तर तहसीलची रांग कशाला? लेक लाडकीला मात्र मर्यादा १ लाख आणि तहसीलदारांचा दाखला हवाच. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा, बँक खातं महाराष्ट्रातलं हवं.

लेक लाडकीचे पुढचे हप्ते पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्याच्या अर्जाला आई किंवा वडिलांच्या कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तोवर बरीच वर्षं गेलेली असतात, म्हणून शस्त्रक्रिया झाल्याबरोबर ते मागून घ्या आणि मुलीच्या जन्मदाखल्याच्याच फाईलमध्ये लावून ठेवा.