‘जलेबी’पाशी उभं राहून लोकांचं कसं ऐकावं

भाचीला कॉलेजनं प्रकल्प दिला : शहरातलं एखादं वादग्रस्त शिल्प निवडा आणि लोकांच्या प्रतिक्रिया गोळा करा. तिचा फोन आला, ‘मावशी, तू तर जन्मभर हेच केलंस.’ केलं खरं. नागपुरात शहर-पानासाठी सव्वीस वर्षं बातमीदारी केली, आणि त्यातली निदान वीस वर्षं हे काम चुकीच्या पद्धतीनं केलं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय. कुणाला उपयोग झाला तर बरं.

आधी चूक सांगते. पश्चिम नागपुरातल्या एका चौकात, चौकाचं नाव मुद्दाम देत नाही, पंचवीसेक फूट उंच स्टीलचं वेटोळं उभं राहिलं. संत्र्याची साल न तुटता एका दमात सोलली की जशी लोंबते, तशी शिल्पकाराची कल्पना. लोकांना त्यात जलेबी दिसली. अनावरण होऊन चार दिवस झाले नाहीत तो डेस्कवरून फर्मान आलं : आठ प्रतिक्रिया आण, फोटोसह, चार बाजूनं, चार विरोधात. तासाभरात मी आठ जण जमवले. उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या काकाजींना विचारलं, ‘शिल्प कसं वाटतं?’ ते म्हणाले, ‘चांगलं आहे.’ गेले ते ‘बाजूनं’च्या चौकटीत. दुसऱ्या दिवशी मी रस प्यायला थांबले तर ग्लास पुढे करत म्हणाले, ‘मॅडम, मी बाजूनं कुठं बोललो जी? तुमच्या मांगं अतिक्रमणवाल्यांची गाडी उभी होती. मी काय म्हननार होतो?’

तेव्हा पहिली गोष्ट : पहिल्या दिवशी वही काढूच नका. मोबाइलही वर धरू नका. नुसतं उभं राहा. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वेळी एकदा, ऑफिसच्या गर्दीत अकराला एकदा, संध्याकाळी भाजीच्या वेळी एकदा. जमल्यास मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजताही. पारा 45 वर गेलेला असताना माणूस शिल्पाजवळून कसा जातो, हे त्याच्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त सांगतं. लोक वळसा घालतात का? चौथऱ्यावर टेकतात का? सावलीचा पट्टा पडतो तिथं कोण बसतं? आमच्या जलेबीची सावली वेटोळ्यासारखीच, मध्ये भोकं असलेली. दुपारी तिथं एक कुत्रं तेवढं सरकत सरकत झोपायचं.

तीन दिवस असं उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की ऑटोवाले त्या शिल्पाला शिव्या घालतात पण त्याच्याकडे पाहत नाहीत. पाहतात ते त्याच्या डाव्या अंगाच्या मोकळ्या जागेकडे. तिथं कडुलिंब होता. त्याच्याखाली त्यांचा स्टँड होता, पाण्याचं मडकं होतं, एक बाकडं होतं. चौक ‘सुशोभित’ झाला आणि कडुलिंब गेला. ‘हे काय भंगार उभं केलं बाप्पा’ या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मी आधीच्या आठ प्रतिक्रियांत ते वाक्य ‘आधुनिक कलेबद्दल अनभिज्ञता’ असं समजून चालले होते. आता आठवलं की लाज वाटते.

म्हणून प्रश्न बदला. ‘शिल्प कसं वाटतं?’ हा प्रश्न बादच. त्यावर माणूस एक तर परीक्षेला बसल्यासारखा घाबरतो, नाहीतर टीव्हीवरच्यासारखा बोलतो. विचारा, ‘याच्या आधी इथं काय होतं?’ पन्नाशीच्या पुढचा कुणीही दहा मिनिटं बोलेल. मग विचारा, ‘पत्ता सांगताना काय म्हणता?’ मग, ‘बाहेरगावचे पाहुणे आले तर दाखवायला आणाल?’ आणि सगळ्यात शेवटी, माझा आवडता : ‘उद्या हे काढलं, तर या जागी काय ठेवाल?’ शिव्या देणारा माणूसही इथं थबकतो. एकानं मला झाड सांगितलं, एकानं मुतारी, एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं, ‘काहीच नको, नुसती जागा.’ ही तिन्ही उत्तरं शिल्पाबद्दलचीच आहेत.

परदेशातही हेच घडलंय. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये 1981 साली रिचर्ड सेरा या शिल्पकाराची पोलादी भिंत उभी राहिली, ‘टिल्टेड आर्क’. 120 फूट लांब, 12 फूट उंच, किंचित कललेली, गंजाच्या रंगाची. आजूबाजूच्या सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांची तक्रार साधी होती : आमचं मैदान अडलं, रोज वळसा पडतो. 1985 च्या मार्चमध्ये जाहीर सुनावणी झाली. 180 जण बोलले. त्यांतले 122 शिल्प ठेवा म्हणाले, 58 जण काढा म्हणाले. तरी ते काढायचंच ठरलं. सेरा म्हणाले, हे याच जागेसाठी केलंय, हलवणं म्हणजे नष्ट करणं. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 1989 च्या मार्चमध्ये एका रात्री ती भिंत कापून नेली. भाची म्हणाली, ‘म्हणजे बहुमत ठेवा म्हणत होतं तरी?’ हो. पण बहुमत कुणाचं? सुनावणीला येऊन माइकसमोर बोलणारे वेगळे, आणि डबा हातात घेऊन रोज भिंतीला वळसा घालणारे वेगळे. दोघांचं ऐका, पण बेरीज करू नका. आपल्याकडेही अनावरणाच्या मांडवात बोलणारे आणि पानठेल्यावर बोलणारे असे दोन घोळके असतातच.

पानठेल्यावरून आठवलं. तिथं बाई बोलायला लागली की शेजारचा पुरुष तिचं वाक्य पूर्ण करतो. ‘यांचं म्हणणं असं आहे मॅडम...’ मी अशा वेळी ‘भाऊ, तुमचंही घेते, थांबा’ म्हणायचे, त्यानं काही व्हायचं नाही. बायकांचं ऐकायचं असेल तर भाजीच्या गाड्यांपाशी जा, बसथांब्यावर जा. आमच्या चौकातली एक गोष्ट मला फक्त बायकांनीच सांगितली : शिल्पाच्या चौथऱ्यामागं दिवा नाही, अंधार पडला की तिथं टोळकं बसतं, म्हणून त्या रस्ता ओलांडून पलीकडून जातात. चाळीसेक पुरुषांशी बोलले असेन, एकानंही हे सांगितलं नव्हतं.

टोपणनाव जरूर टिपा. नागपूरकरांचं मत बरेचदा नावातच येऊन जातं. 1863 साली सुरू झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाला आजही लोक ‘अजब बंगला’च म्हणतात. मुंबईत तर घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाचा पुतळा 1965 मध्ये हलवला, तरी जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं चकचकीत ‘क्लाउड गेट’ लोकांच्या तोंडी ‘द बीन’ झालं, म्हणजे शेंगेतला दाणा. कपूर यांना ते सुरुवातीला रुचलं नव्हतं म्हणे. पण नाव कोणत्या सुरात घेतलं जातंय ते ऐका. ‘जलेबीपाशी उतरवा’ असं सवारी ऑटोवाल्याला म्हणते तेव्हा त्यात राग नसतो. ‘कोन्या शहाण्यानं ही जलेबी तळली’ यात असतो.

आपल्याकडे तर मोठ्या आकृतीला बोल लावायची शिस्तच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीकडे मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले भलेमोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी आणि पिवळी, एकोणिसाव्या शतकापासून. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ आणि सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षीच्या रागाचे पुतळे. महागाईचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, ज्याच्यावर राग त्याचा बडगा, गळ्यात पाटी. माझा अनुभव असा की चौकातल्या शिल्पाबद्दल गप्प बसलेला माणूस मारबतीच्या दिवशी बोलतो. म्हणून तुमच्या शिल्पाचा वाद त्या सुमारास चालू असेल तर मिरवणुकीत जाऊन पाट्या वाचा, लिहून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका.

पुतळा थोर पुरुषाचा असेल तर मात्र हे सगळं जपून. तिथं श्रद्धा असते, आणि एखाद्याच्या तोंडून अर्धवट वाक्य काढून छापलं तर त्याला वस्तीत राहणं कठीण होतं. व्यक्ती आणि जागा हे प्रश्नातच वेगळे ठेवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर सांडव्याजवळच्या स्वामी विवेकानंदांच्या स्मारकावर रहिवाशांनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. घरात पाणी शिरलेल्या बाईला ‘तुमचा पुतळ्याला विरोध आहे का?’ असं विचारणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. तिचं म्हणणं पाण्याच्या वाटेबद्दल होतं.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या जलेबीसमोर पहिला प्रश्न नटबोल्टचा असायचा. ‘वादळ आलं तं हे टिकन का?’ ही प्रतिक्रिया कलेबद्दलची नाही म्हणून गाळू नका. त्या माणसाची हातगाडी रोज त्याच्याच खाली लागते.

पैशाबद्दल जे कानावर येईल ते ‘अफवा’ असं समासात लिहूनच टिपा. आमच्या चौकात जलेबीची किंमत पहिल्या टपरीवर वीस लाख होती, तिसऱ्या टपरीपर्यंत दीड कोटी झाली. खरा आकडा हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरा. साधा कागद, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्रात तसा नियम आहे. ‘शिल्प का बसवलं?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर येत नाही. कार्यादेशाची, म्हणजे काम दिल्याच्या आदेशाची, प्रत मागा, अंदाजपत्रकाची प्रत मागा, जागा निश्चित केल्याच्या ठरावाची प्रत मागा. झाड तोडलं असेल तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. आणि एक माहीत असू द्या : सार्वजनिक रस्ता, फुटपाथ अशा जागी पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 18 जानेवारी 2013 ला बजावलेलं आहे. लोकांपैकी कुणी ‘हे रस्त्यात आहे’ म्हणालं तर ते नुसतं कुरकुरणं समजू नका, टेप घेऊन अंतर मोजा.

लिहिताना टक्केवारी देऊ नका. तीसजणांशी बोललात तर ‘तीसजणांशी बोलले, त्यांतले अकरा ऑटोवाले, सहा भाजीवाल्या’ असं लिहा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याचं नाव आणि फोटो देऊ नका; त्यानं आग्रह केला तरी एक दिवस थांबून पुन्हा विचारा. बोली बदलू नका. ‘मले नाई आवडलं’ याचं ‘मला हे शिल्प भावले नाही’ केलं की तो माणूस गेला आणि तुम्ही उरलात.

आणि वर्षानं परत जा. हे कुणीच करत नाही. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला 1998 साली अँटनी गॉर्मली यांचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ उभा राहिला, 20 मीटर उंच, पंखांचा पसारा 54 मीटर. आधी स्थानिकांचा कडाडून विरोध होता. त्याच वर्षी फुटबॉलवेड्या लोकांनी त्याला आपल्या लाडक्या खेळाडूची, ॲलन शिअररची, भलीमोठी जर्सी चढवली. आता ही प्रतिक्रिया बाजूची की विरोधातली?

आमच्या जलेबीला आधी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला गेला, मग दुसऱ्या एका दादांचा. उन्हाळ्यात एक संत्रेवाली तिच्या खालच्या वेटोळ्यावर ओला दुपट्टा वाळत घालायची. मी वर्षानं गेले तेव्हा रसवाले काकाजी गाडी घेऊन चौथऱ्याला चिकटून उभे होते. या खेपेला मागे वळून पाहिलं, कुणाची गाडी नव्हती. विचारलं, ‘काकाजी, उद्या हे काढलं तर इथं काय ठेवाल?’

त्यांनी ऊस दुसऱ्यांदा चरकात घातला, पिळून होईस्तोवर बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काढाले कायले लावता आता? गिऱ्हाइकाले पत्ता मी जलेबीचाच देतो. पन बाजूनं एक कडुलिंब लावा म्हना. अन् हे मातर पूर्न छापजा, मागच्यासारखं अर्धं नाई.’

मी पूर्ण लिहून पाठवलं. रात्री साडेनऊला डेस्कवरून फोन आला : ‘ताई, हे रसवाले कोणत्या चौकटीत टाकू?’