भूगोलातल्या या चुका टाळा: पुण्याचा जून जगाला लावू नका

समजा, पेपरात एका शहराचा तक्ता आला. नाव दिलेलं नाही. जानेवारीचं सरासरी तापमान २४ अंशांच्या आसपास, जुलैचं १३ च्या आसपास. पाऊस जून, जुलै, ऑगस्टमध्ये भरपूर आणि जानेवारीत नाममात्र. हवामान प्रदेश ओळखा.

नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये दिवसाचे दहा-दहा तास बसणारी हुशार मुलंही इथे ‘मोसमी’ लिहून मोकळी होतात. जूनमध्ये पाऊस आला म्हणजे मोसमीच, त्यात काय विचार करायचा? पण हे शहर पर्थ आहे, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाजवळचं, आणि तिथलं हवामान भूमध्य सागरी.

जगाच्या हवामानाच्या प्रश्नांत पुण्याच्या मुलांचे सर्वांत जास्त गुण याच खोडीमुळे जातात, असं माझं मत आहे. शाळेची छत्री आणि रेनकोट जूनमध्येच निघतात, पालखीही त्याच सुमारास येते, त्यामुळे जून म्हणजे पावसाळा हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पर्थमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळ्याची सुरुवात.

म्हणून तक्ता हातात आला की पावसाच्या ओळीकडे आधी पाहूच नका. पहिल्यांदा सर्वांत उष्ण महिना शोधा. तो डिसेंबर ते फेब्रुवारीत असेल तर ठिकाण बहुधा दक्षिण गोलार्धातलं. जून ते ऑगस्टमध्ये असेल तर उत्तर गोलार्धातलं. त्यानंतर पाऊस वर्षाच्या गरम अर्ध्यात पडतो की थंड अर्ध्यात, ते बघा. थंड अर्ध्यात पडत असेल आणि उन्हाळा कोरडा असेल, तर भूमध्य सागरी हवामानाशिवाय दुसरं काही सुचायलाच नको. खंडांच्या पश्चिम बाजूला साधारण ३० ते ४० अंश अक्षांशांत हे सापडतं: भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, केपटाउनजवळ आणि ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येला व दक्षिणेला. वायुदाबाचे पट्टे सूर्यामागे उत्तर-दक्षिण सरकतात. उन्हाळ्यात या भागांवर जास्त दाबाचा पट्टा येऊन बसतो आणि पाऊस अडतो. हिवाळ्यात तो पट्टा सरकतो आणि पश्चिमी वारे समुद्रावरून पाऊस घेऊन येतात. एवढं कारण कळलं की पाचही जागा पाठ करायचे कष्ट वाचतात.

मोसमी हवामानाची खरी खूण पुण्याच्याच तक्त्यात आहे. इथला सर्वांत उष्ण काळ एप्रिल-मे. जुलैत सूर्य अजून चांगला वर असतो, तरी पारा उतरतो, कारण ढग आणि पाऊस. म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी तापमानाचं टोक आणि पाऊस येताच घसरण. विषुववृत्तीय प्रदेशात असं टोक दिसत नाही. बारा महिन्यांचे आकडे एकमेकांना चिकटून असतात. चेन्नईचा तक्ता आला तर मात्र जरा थांबा. तिथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. आपल्याच देशात जूनचा हट्ट चालत नाही, तर परदेशात काय चालणार?

पर्जन्यछायेचं अर्धवट उत्तर

पर्जन्यछाया म्हणजे डोंगराच्या आडोशाचा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा कमी पावसाचा भाग. ‘ढगांतलं पाणी सह्याद्रीत संपतं म्हणून पुण्यात पाऊस कमी.’ हे वाक्य इतक्या उत्तरांत असतं की परीक्षकालाही ते पाठ झालेलं असेल. चूक म्हणता येणार नाही, पण अर्धंच आहे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात ७०० ते ७५०. आणखी पूर्वेला, दौंड-बारामतीकडे, तो ५०० च्या आसपास येतो. पाणी ‘संपलं’ असतं तर पुण्यावरून जुलैभर जाणारे करडे ढग कशाचे? घाट चढताना हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि पाऊस कोसळतो. घाटमाथा ओलांडून हवा खाली उतरू लागली की दाबली जाऊन तापते. कोरडी हवा दर १०० मीटर उतरताना सुमारे १ अंशाने तापते. तापलेल्या हवेची बाष्प धरून ठेवायची ताकद वाढते, म्हणून ढग विरतात. उत्तरात हे उतरणं आणि तापणं आलं पाहिजे. महाबळेश्वर आणि पाचगणीचं उदाहरण जोडा: वीसेक किलोमीटरचं अंतर, आणि पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा.

यातूनच पुढची चूक निघते: समुद्र जवळ आहे म्हणजे पाऊस असणारच. चिलीतलं आरिका हे शहर पॅसिफिकच्या काठावर आहे आणि तिथला वर्षाचा सरासरी पाऊस १ मिलिमीटरही भरत नाही. एका बाजूला अँडीज पर्वत पूर्वेकडचं बाष्प अडवतो. दुसऱ्या बाजूला थंड हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्यालगतची हवा गार ठेवतो, त्यामुळे ती वर चढतच नाही. धुकं येतं, पाऊस येत नाही. आफ्रिकेत बेंग्वेला प्रवाहाशेजारी नामिब वाळवंट आहे, तेही याच घराण्यातलं.

वाळवंट म्हणजे वाळू आणि ऊन हाही असाच समज. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरहून कमी पाऊस किंवा बर्फ पडणारा प्रदेश म्हणजे वाळवंट, असा ढोबळ हिशेब धरला तर जगातलं सर्वांत मोठं वाळवंट अंटार्क्टिका ठरतं. सहारा पहिला ठरतो तो फक्त उष्ण वाळवंटांत. प्रश्नात ‘उष्ण’ हा शब्द आहे की नाही, ते नीट वाचा.

सूर्य, उंची आणि ‘सिमला ऑफिस’

पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, असं अजूनही लिहिलं जातं. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. नेमकं तेव्हाच पुण्यात स्वेटर निघालेले असतात. ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे.

नुसत्या अक्षांशावरून उष्ण-थंड ठरवणंही धोक्याचं. इक्वेडोरची राजधानी किटो जवळपास विषुववृत्तावरच आहे, पण उंची २,८०० मीटरच्या वर, त्यामुळे सरासरी तापमान वर्षभर १५ अंशांच्या आसपास. नकाशा पाहताना उंचीचे रंग झाकून ठेवले तर किटो कायम चुकणार.

‘यंदा थंडी पडलीच नाही, हवामान बदललं’ हे वाक्य कट्ट्यावर चालतं, उत्तरपत्रिकेत नाही. एका दिवसाची किंवा एका वर्षाची स्थिती वेगळी आणि किमान ३० वर्षांची सरासरी वेगळी. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला जुने पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. तिथे जमतात तशा दीर्घ नोंदींशिवाय कुठल्याही हवामान प्रदेशाची सीमा आखता येत नाही.

उंच म्हणजे पर्वत नव्हे

पठार आणि पर्वत यांत उंचीने फरक करायला गेलात की फसलात. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर, आणि आपल्या कळसूबाईची १,६४६. पठार ठरतं ते माथ्याच्या सपाटपणावरून. सह्याद्री कोकणातून भिंतीसारखा दिसतो आणि पुण्याच्या बाजूने हळूहळू उतरत जातो, कारण तो दख्खनच्या पठाराची झिजलेली पश्चिम कडा आहे. त्याला हिमालयासारखा वली पर्वत, म्हणजे भूकवचाला घड्या पडून झालेला, म्हणू नका.

सिंहगड, पर्वती किंवा वेताळ टेकडी म्हणजे ‘विझलेले ज्वालामुखी’, असं सांगणारे हौशी वाटाडेही भेटतात. दगड ज्वालामुखीचाच आहे, पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा लांबच लांब भेगांतून वाहत आला आणि थरावर थर बसले. शंकू तयार झालाच नाही. पुढे नद्यांनी आजूबाजूचं कापून नेलं आणि उरलं ते या टेकड्यांच्या रूपात उभं आहे. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगेही ज्वालामुखीचे नाहीत. भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी ते कोरले आहेत. खड्डा दिसला की ज्वालामुखी, ही सवय लोणारलाही नडते, कारण ते विवर उल्केच्या आघाताचं आहे.

पाण्याच्या बाबतीत

कास्पियनच्या नावात समुद्र आहे, पण ते सरोवर आहे. खारेपणावरून निकाल लावू नका. बाल्टिक समुद्राचं पाणी कास्पियनहूनही अळणी आहे. महासागराशी नैसर्गिक जोड आहे का, एवढंच विचारा. सुएझ आणि पनामा हे खोदलेले कालवे, त्यांना सामुद्रधुनींच्या, म्हणजे दोन समुद्रांना जोडणाऱ्या नैसर्गिक चिंचोळ्या पाण्याच्या पट्ट्यांच्या, यादीत घालू नका.

नैसर्गिक सरोवराचं उदाहरण म्हणून खडकवासला किंवा कात्रज लिहिणारेही आहेत. खडकवासला धरणाचा जलाशय आहे आणि कात्रजचा तलाव पेशवाईत पेठांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेला.

आता नद्या. लोणावळ्याहून अरबी समुद्र सरळ रेषेत जवळ, तरी घाटमाथ्यावरचं पाणी इंद्रायणीतून आणि मुळा-मुठेतून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. हे बहुतेकांना येतं. विसरतात ते माणसाने केलेले अपवाद. मुळशी धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला सोडतात आणि ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. लोणावळा-वळवणचं पाणीही असंच खोपोलीकडे उतरतं. त्यामुळे ‘पुणे जिल्ह्यातलं सगळं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं’ असं विधान पर्यायांत दिसलं, तर बिनदिक्कत ‘अयोग्य’वर खूण करा.