प्रशिक्षणाआधी नकारांची वही

ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घ्यायचं म्हटलं की कार्यकारिणीत पहिला प्रश्न येतो, ‘पाहुणे कोण बोलवायचे?’ पाहुण्यांचं जरा राहू द्या. महिनाभर आधी एक शंभर पानी वही आणा, देवघेवीच्या टेबलाला दोरीनं बांधा आणि पुस्तकं देणाऱ्या निर्गम सहायकाला सांगा की आपण ज्याला ‘नाही’ म्हणून परत पाठवतो, त्याचा प्रश्न इथं लिहायचा. नाव नको, फक्त वेळ आणि प्रश्न. पहिले चार दिवस कोणी काही लिहीत नाही, कारण वही आपल्या चुका मोजायला ठेवलीय असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून पहिली नोंद ग्रंथपालानं स्वतःची करावी. आमच्या सांगलीच्या ग्रंथालयातल्या वहीत ती माझीच आहे: ‘सकाळी ११. आजोबा. हयातीचा दाखला मोबाईलवर निघतो का? माहीत नाही म्हटलं, बँकेत विचारा.’ आजोबा बँकेतूनच आले होते.

वही भरत आली की बसून वाचा. काही नोंदी पुस्तक नसल्याच्या असतील, त्या खरेदीच्या यादीत टाका. काही पुस्तक असून न सापडल्याच्या असतील. हळदीच्या कंदकुजीवरचं पुस्तक आपल्याकडे होतं, फक्त ते ‘शेती’त न लागता ‘संकीर्ण’मध्ये धूळ खात होतं, असल्या नोंदींसाठी कपाटासमोर उभं राहून अर्धा दिवस घालवावा लागतो, दुसरा इलाज नाही. उरलेल्या नोंदींत मात्र पुस्तकाचा विषयच नसतो. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, गायब झालेले पैसे, जतकडच्या आजींना हवं असलेलं कन्नड मासिक. प्रशिक्षणाचं वेळापत्रक या नोंदींवरून आखायचं.

प्रशिक्षण दोन दिवसांचं ठेवा आणि तारीख मिरगाच्या आधीची धरा, कारण पुढे सांगते. ग्रंथालय बंदची सूचना दारावर आठ दिवस आधी लावा आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. अभ्यासिका मात्र बंद ठेवू नका. परीक्षा तोंडावर असलेली पोरं तुमच्या प्रशिक्षणाचं कौतुक करणार नाहीत. बोलावण्यात शिपाईकाकांचं नाव पहिलं घाला. पहाटे अभ्यासिकेचं कुलूप तेच काढतात, नवा माणूस दारात बावरून उभा राहतो तेव्हा पहिलं वाक्य तेच बोलतात. ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं ग्रंथालय असलेल्या गावात तर सगळा कारभार एकाच माणसावर, तेव्हा आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून वर्ग घ्यावा. येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण आधीच मंजूर करून घ्या. एवढ्याशा मानधनात पदरचं तिकीट काढून शिकायला या, असं सांगायला तोंड नसतं आपल्याला.

मोबाईलच्या सत्राला व्याख्यान नको. जोड्या पाडा, एकानं वाचक व्हायचं, एकानं कर्मचारी. वाचकानं मुद्दाम अडून बसायचं. सातबारा नुसता बघायचा तर फुकट दिसतो, पण डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये भरावे लागतात, हा फरक सांगता आला पाहिजे. हयातीचा दाखला चेहरा दाखवून कसा काढतात, हे प्रत्येकानं घरच्या एखाद्या पेन्शनरवर आधी करून यावं. त्याच सत्रात मर्यादाही ठरवा: मदत वाचकाच्या फोनवर करायची, बटण त्यानं दाबायचं, ओटीपी आपण विचारायचा नाही, आधारचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये घ्यायचा नाही. पैसे गेल्याचं कोणी सांगितलं तर ‘बघा बघा’ करत न बसता तिथल्या तिथं १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावून द्यायचा. पहिल्या तासाला किंमत असते. हा आकडा टेबलाच्या काचेखाली मोठ्या अक्षरात ठेवा.

अभ्यासिकेतली गरजही बदललीय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आणि आपण अजून बहुपर्यायी प्रश्नसंचांचे गठ्ठे घेतोय. मुलांना आता लिहायला जागा लागते, लिहिलेलं तपासायला माणूस लागतो. गावातल्या निवृत्त शिक्षकांची यादी करायचं काम सहायक ग्रंथपालाकडे द्या. आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो, हे आपल्याच माणसांना माहीत नसेल तर पाहुणे बोलावून काय करायचंय?

आता मिरगाचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ४० ची, धोका ४५ चा. सांगलीत ग्रंथालय चालवणाऱ्याला हे आकडे पाठ हवेत. दुसऱ्या दिवशीची सगळी सकाळ याच सरावाला द्या, आणि सराव म्हणजे खरोखर उचलाउचल. ४० फुटांची बातमी आली की काय हलवायचं? आधी दाखलनोंद वह्या, कारण त्या गेल्या तर काय गेलं हेही कळत नाही. मग जुने बांधीव अंक आणि दुर्मिळ पुस्तकं, मग संगणक, मग खालचे दोन कप्पे. कोणतं कपाट कोणाचं, ते कपाटावरच चिकटवा. घड्याळ लावून एक कपाट वरच्या मजल्यावर नेऊन बघा. आमच्या जिन्याच्या वळणात ट्रंक अडकते, हे सरावातच कळलं.

भिजलेलं पुस्तकही एकदा प्रत्येकाच्या हातात द्या. रद्दीतलं जाडसर पुस्तक रात्री बादलीत बुडवा, सकाळी काढा. ते दुप्पट जड होतं, उघडायला गेलं तर पान हातात येतं. ते ओढून उघडायचं नाही, कडक उन्हात टाकायचं नाही. उभं करायचं, पंख्याचा वारा द्यायचा, थोड्या थोड्या पानांमागे कोरा टिपकागद घालायचा आणि बदलत राहायचं. दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा हजार पुस्तकं भिजली तर सगळी वाळवणं शक्य नाही, गोठवून वेळ विकत घ्यावा लागतो. आपल्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत खरी, पण तिथं गोठेल इतकी थंडी नसते; बुरशी मंदावेल, थांबणार नाही. म्हणून आइस्क्रीम किंवा गोठवलेला माल ठेवणारं कोण आहे, ते पावसाआधी शोधून नंबर लिहून ठेवा.

सामान किरकोळच: टिपकागद, हातमोजे, मास्क, टॉर्च, प्लॅस्टिकचे क्रेट, चहा आणि भडंग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाटं जागेवर गेली की वही पुन्हा टेबलाला बांधा. दोरी नवी आणा, जुनी कोणीतरी गठ्ठा बांधायला नेलेली असते.