गावचा दुकानदार, राज्याचा आमदार: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी माणसाचं चरित्र कागदांतून कसं उभं करावं

ओहायो, व्हरमाँट किंवा कॅन्ससमधल्या एखाद्या लहान गावात दुकान, गिरणी किंवा बँक चालवलेला आणि एक-दोन मुदती राज्याच्या विधिमंडळात बसलेला माणूस. त्याचं चरित्र लिहायला घेतलं की पहिल्यांदा हाती लागतो तो काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) इतिहासग्रंथातला दीड पानी परिचय. तो आधी बाजूला ठेवा. असे जाडजूड ग्रंथ विशेषतः १८७० नंतर आगाऊ वर्गणी घेऊन छापले जात. मजकुराची माहिती बहुतेकदा तो माणूसच पुरवी, आणि चित्र छापायचं तर त्याचे वेगळे पैसे पडत. त्यातून जन्मगाव, आईवडिलांची नावं, लग्नाचं साल आणि पक्ष एवढंच पडताळण्यासाठी टिपून घ्या. दिवाळं, मोडलेली भागीदारी, हरलेली निवडणूक यांचा तिथे उल्लेख सहसा नसतो.

सुरुवात एका लांब तक्त्याने करा. रकाने चार: तारीख, पैशाचा व्यवहार, पद किंवा मत, आणि ते कुठल्या कागदावरून कळलं. व्यापार आणि राजकारण यांच्या वेगळ्या वह्या करू नका, कारण या माणसांच्या आयुष्यात ते वेगळे नव्हतेच.

पहिल्या ओळी जनगणनेतून भरा. घरातल्या प्रत्येक मुक्त (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव १८५० पासून मिळतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. १८५० मध्ये स्थावराची किंमत विचारली जाई, १८६० आणि १८७० मध्ये जंगमाचीही. आकडा त्या माणसाने तोंडी सांगितलेला असतो, म्हणून तो अंदाज समजा. १८८० मध्ये हे रकाने गेले, पण कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान आलं. १८९० ची जनगणना जवळजवळ पूर्ण गेली: जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली आणि उरलेलं नंतर नष्ट केलं गेलं. वीस वर्षांचं हे खिंडार राज्यांच्या स्वतःच्या जनगणनांनी काही ठिकाणी बुजतं, उदाहरणार्थ न्यूयॉर्कची १८९२ ची, कॅन्ससची १८८५ आणि १८९५ ची. गिरणी किंवा कारखाना असेल तर १८५० ते १८८० ची उद्योगांची वेगळी पत्रकं जरूर पाहा. वर्षाला ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा माल काढणाऱ्या उद्योगाचा कच्चा माल, पाण्याची की वाफेची शक्ती आणि कामगारांची संख्या त्यांत असते.

त्यानंतर पत. लुईस टॅपनने १८४१ मध्ये न्यूयॉर्कला व्यापाऱ्यांची पत कळवणारी संस्था काढली. ती पुढे आर. जी. डन कंपनी झाली. तिच्या अडीच हजारांहून अधिक हस्तलिखित वह्या हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत, राज्य आणि काउंटीप्रमाणे लावलेल्या. भांडवल, सवयी, दारू, सासऱ्याची मदत, सगळं त्यात तुटक संक्षेपांत लिहिलेलं सापडतं. अडचण एकच: खबर देणारा बहुधा गावातला वकील असे, आणि तो विरुद्ध पक्षाचाही असू शके. म्हणून ‘कर्जात आहे’ अशी नोंद दिसली की त्याच वर्षाचं गहाणखत शोधा.

जमिनीचे दस्त काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये असतात. व्हरमाँट, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये मात्र ते गावाच्या कारकुनाकडे. देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन्ही सूची चाळा, आणि बायकोच्या नावानेही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे झाल्यावर धनकोंपासून घर वाचवायला ते बायकोच्या नावावर केल्याची उदाहरणं भरपूर मिळतात. ‘एक डॉलर मोबदला’ ही खरी किंमत नसते. बहुधा नात्यातलं हस्तांतरण असतं. आणि काउंटी फुटून नवी झाली असेल तर जुने दस्त सहसा मूळ काउंटीतच राहतात. शोध फसतो तो इथे.

तक्त्यात १८५७, १८७३ आणि १८९३ या मंदीच्या वर्षांपुढे खूण करा. दिवाळखोरीचा संघीय कायदा १८४१ ते १८४३, मग १८६७ ते १८७८ आणि पुन्हा १८९८ पासून होता. मधल्या वर्षांत संघीय न्यायालयात खटला सापडणार नाही. तेव्हा राज्याच्या न्यायालयात, धनकोंच्या हवाली केलेल्या मालमत्तेच्या कागदांत बघा.

आता विधिमंडळ. सभागृहाच्या जर्नलमध्ये, म्हणजे कामकाजाच्या नोंदवहीत, भाषणं सहसा नसतात. प्रस्ताव, समित्या आणि नावनिशी मतं असतात. भाषणाचा गोषवारा राजधानीच्या वर्तमानपत्रात शोधा. शतकाच्या पूर्वार्धात रेल्वे, पूल, बँक अशा कंपनीला बहुतेकदा स्वतंत्र कायदा लागे. त्या अधिवेशनाचे कायदे उघडा आणि संस्थापकांच्या यादीत आपल्या माणसाचं, मेहुण्याचं, भागीदाराचं नाव पाहा. मग तीच तारीख जमिनीच्या दस्ताशी जुळवा: रेल्वेचं विधेयक येण्याच्या आधीच्या वर्षात त्याने मार्गालगत काही घेतलं का? साऱ्या संशोधनात हाच भाग सर्वात फळतो, त्याला घाई करू नका. अमेरिकी सिनेटर १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळंच निवडत, आणि १८६६ च्या कायद्याने हे मत तोंडी, उघड द्यावं लागे. म्हणून तो पक्षातल्या कुठल्या गटाचा होता हे त्या एका मतावरून बऱ्याचदा स्पष्ट होतं.

नावांच्या घोळात बरीच चरित्रं बिघडतात. त्या काळात गावातल्या एकाच नावाच्या दोघांना ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणत. ते बापलेक असतीलच असं नाही. ‘कर्नल’ पदवी राज्यपालांच्या मानद ताफ्यातूनही मिळे, म्हणून तिच्यावरून युद्धसेवा गृहीत धरू नका. वर्तमानपत्रं आद्याक्षरं छापत, तेव्हा अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या (लायब्ररी ऑफ काँग्रेस) जुन्या वर्तमानपत्रांच्या मोफत संग्रहात पूर्ण नावाबरोबर आद्याक्षरांनीही शोधा.

शेवटी वारसा न्यायालयातली मालमत्तेची यादी काढा. दुकानदाराला लोकांकडून येणे असलेल्या रकमांची वर्गवारी त्यात अनेकदा बरी, शंकास्पद आणि बुडीत अशी केलेली असते. त्या ऋणकोंची नावं तक्त्यातल्या पक्षसहकाऱ्यांच्या आणि भागीदारांच्या नावांशेजारी मांडा. काउंटीच्या इतिहासातला तो दीड पानी परिचय आता उघडा आणि ओळीओळीने पडताळा.